एक तार कमी करताना

मोटारीचे बॉनेट उघडले म्हणजे आपली नजर प्रथम इंजिनावर जाते. ते स्वाभाविकच आहे. आवाज तेच करते, तापते तेच, आणि गाडी ओढून नेण्याचे श्रेयही तेच घेते. पण त्या इंजिनाच्या कडेकडेने काळ्या पट्टीत गुंडाळलेली, मनगटाएवढी जाड अशी एक वेल गेलेली असते. तिला ठिकठिकाणी फांद्या फुटलेल्या असतात आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला प्लास्टिकचे एक बोंड असते. गॅरेजमधील मंडळी हिला नुसते 'वायरिंग' म्हणतात. इंग्रजीत तिला 'हार्नेस' म्हणजे घोड्याचा साज असे नाव आहे. आज मी आपल्याशी बोलणार आहे तो या साजाविषयी, आणि तो हलका करण्याच्या भरात माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी.

मी यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे. माझे शिक्षण साहित्याचे आणि पोटापाण्याचा उद्योग सरकारी कागदांचा. पण भोपाळला माझ्याकडे राहणाऱ्या भाच्याने आयटीआयमध्ये मोटारदुरुस्तीचे शिक्षण घेतले आहे. दीड वर्षाची बचत खर्चून त्याने एक जुनी लहान मोटार घेतली. ती रस्त्यावर चालवावयाची नव्हतीच. कारखान्याने ठरवून दिलेल्या रचनेत मनाला येईल तसा फेरफार करून गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ला मान्य नाही, हे मी त्याला पहिल्याच दिवशी बजावले होते. त्याला ती बंदिस्त मैदानावरील वेळेच्या शर्यतीत उतरवावयाची होती. तेथे प्रत्येक किलो वजन जड वाटते. आसने काढली, गालिचे काढले, आणि मग आमची दृष्टी त्या काळ्या वेलीकडे वळली.

ही वेल एवढी का वाढली, हे थोडे समजून घेतले पाहिजे. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीत ठिणगीसाठी लागणारी वीज फ्लायव्हीलवर बसविलेल्या चुंबकांपासून मिळत असे आणि आरंभीचे दिवे गॅसचे व रॉकेलचे होते. तेव्हा तारा त्या किती असणार! पुढे १९१२च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला. हँडल मारण्याचे कष्ट गेले आणि गाडीत बॅटरीचे राज्य सुरू झाले. मग विजेचे दिवे आले, भोंगा आला, काचा पुसणारे वायपर आले. कार्बुरेटर जाऊन त्याच्या जागी इंधनाचे मोजून फवारे मारणारे इंजेक्टर आले, तेव्हा त्यांना हुकूम देणारी एक पेटी लागली, आणि त्या पेटीला इंजिनाची खबर देणारे हेर लागले. पाणी किती तापले, हवा किती आली, क्रँकशाफ्ट या क्षणी कोठे आहे, हे सांगणारा प्रत्येक हेर आपापल्या तारा घेऊन आला.

यात एक शहाणपण मात्र फार पूर्वीच झालेले होते. विजेला जाण्यासाठी जशी वाट लागते तशी परतण्यासाठीही लागते. मोटारीत ही परतीची वाट बहुतेक ठिकाणी गाडीच्या लोखंडी अंगातूनच दिलेली असते. बॅटरीचे एक टोक पत्र्याला जोडले की दिव्याला एकच तार पुरते. जे अंग अगोदरच उभे आहे त्याच्याकडून दुसरे काम करून घ्यावयाचे, हे खरे सुलभीकरण. पण हे तत्त्व मला तेव्हा उमगले नव्हते.

आता वजनाचा हिशेब पाहू. एक चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार एक मीटर घेतली तर तिच्यातील तांबे सुमारे ९ ग्रॅम भरते. ऐकताना हे काहीच वाटत नाही. पण अशी तार एक किलोमीटर झाली की ९ किलो होते. त्यावरील प्लास्टिकचे वेष्टन, जोड आणि पट्ट्या वेगळ्याच. आधुनिक मोटारीतील तारांची एकूण लांबी सहज किलोमीटरमध्ये मोजावी लागते. शिवाय हा साज आजही बहुतांशी माणसांच्या हातांनीच बांधला जातो. २०२२ साली युक्रेनवर युद्ध कोसळले आणि तेथील हार्नेसचे कारखाने थांबले, तेव्हा फोक्सवॅगन आणि बी.एम.डब्ल्यू. यांच्यासारख्या बलाढ्य कंपन्यांच्या काही कारखान्यांनाही काम थांबवावे लागले. इंजिने तयार होती, पण साजावाचून घोडे जुंपता येईनात.

आम्ही कामाला लागलो. वेल अंगणात पसरली, तिच्यावरची पट्टी सोडविली आणि भाच्याने प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी बांधली. चिठ्ठीवर तारेचा रंग, ती कोठून निघते व कोठे जाते, आणि तिचे काम काय, अशा तीन गोष्टी लिहावयाच्या. वातानुकूलन, रेडिओ, विजेवर चालणाऱ्या काचा, मागचा वायपर यांच्या तारा निर्धास्तपणे निघाल्या. काही तारा मात्र दिसावयास जड असूनही भाच्याने ठेवल्या. क्रँकशाफ्टच्या हेराकडून येणाऱ्या तारेवर जाळीचे चिलखत असते. ते काढले तर ठिणगीच्या विजेचा गोंधळ त्या नाजूक संदेशात मिसळतो. तसेच हेरांच्या परतीच्या तारा आणि इंजेक्टरांच्या परतीच्या तारा वेगळ्या ठेवाव्या लागतात. नाहीतर मोठ्या प्रवाहाने लहान संदेश बिघडतो.

अशा रीतीने काम चालले असता एका तारेपाशी भाचा थांबला. ती बॅटरीचे चित्र असलेल्या लाल दिव्यापासून निघून आल्टरनेटरकडे, म्हणजे धावत्या इंजिनावर वीज निर्माण करणाऱ्या यंत्राकडे जात होती. चिठ्ठीवरील तिसऱ्या ओळीत त्याने काहीच लिहिले नव्हते.

तो म्हणाला, "मामा, हिचे काम नक्की कळल्याशिवाय कापायला नको."

मी म्हणालो, "अरे, काम दिसतेच आहे. दिवा लावण्याची तार आहे ही. शर्यतीत दिव्याकडे बघायला कोणाला सवड आहे?"

आणि मी ती कापली. दिवाही काढला. माझे वय आणि माझे नाते यांपुढे तो गप्प राहिला, हे मला तेव्हा दिसले नाही.

काढलेल्या तारांचे वजन भरले ३ किलो ४०० ग्रॅम. खरे सांगावयाचे तर पाच लिटर पेट्रोल कमी भरले असते तरी याहून थोडे अधिकच वजन उतरले असते. पण आमचा आनंद अपार होता. त्या आनंदात आम्ही मोठी बॅटरी काढून लहान बसविली. अंगणात इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू झाले. वीजनिर्मिती होते की नाही, हे मोजून पाहण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

शर्यतीच्या दिवशी पहिल्या दोन फेऱ्या उत्तम झाल्या. दोन्हींच्या मध्ये बराच वेळ गाडी उन्हात उभी होती, रेडिएटरचा पंखा फिरत होता. तिसऱ्या, निर्णायक फेरीत अर्ध्या वाटेवर इंजिन अडखळू लागले. इंधनाचा पंप मंदावला, ठिणगी दुबळी झाली, आणि शेवटच्या वळणाआधी गाडी निमूटपणे उभी राहिली. बॅटरी पार रिकामी झाली होती. माणसांनी ढकलत आणलेल्या त्या गाडीतून भाचा उतरला, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

कारण दुसऱ्या दिवशी एका वयस्क मोटार इलेक्ट्रिशियनने दोन मिनिटांत सांगितले. आल्टरनेटरला वीज निर्माण करण्यासाठी आधी स्वतःच्या पोटात चुंबकत्व लागते, आणि त्या चुंबकत्वासाठी आरंभी थोडी वीज लागते. जुन्या पद्धतीच्या अनेक गाड्यांत ही थोडीशी वीज त्या लाल दिव्यातूनच जाते. किल्ली फिरविली की दिवा लागतो, म्हणजे प्रवाह त्याच्यातून आल्टरनेटरमध्ये शिरतो. वीजनिर्मिती सुरू झाली की दिव्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि दिवा विझतो. दिवा खबर देणारा शिपाई होता हे खरे. पण दिवसाच्या आरंभी कारखान्याचे कुलूप उघडणाराही तोच होता. मी शिपाई काढला आणि कारखाना बंद राहिला.

त्यानंतर मोटार बनविणाऱ्यांनी हाच प्रश्न कसा सोडविला, ते मी मुद्दाम वाचून काढले. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८३ साली एका नव्या व्यवस्थेवर काम सुरू केले आणि १९८६ साली ती अमेरिकेत डेट्रॉइट येथे जगापुढे मांडली. तिला 'कॅन' म्हणतात. प्रत्येक निरोपासाठी वेगळी तार ओढण्याऐवजी एकमेकींत पिळलेल्या दोनच तारांवरून सर्व निरोप जातात. प्रत्येक निरोपाला क्रमांक असतो. दोन निरोप एकदम निघाले तर लहान क्रमांकाचा आधी जातो, दुसरा थांबतो. ज्याला तो निरोप हवा तो घेतो, बाकीचे सोडून देतात. दुसरा मार्ग धातू बदलण्याचा. अ‍ॅल्युमिनियमची तार तांब्याइतकीच वीज वाहून नेण्यासाठी दीडपटीहून अधिक छेदाची घ्यावी लागते, तरीही वजनात ती जवळजवळ निम्मीच भरते. मात्र तिचे जोड अधिक काळजीने करावे लागतात. तिसरा मार्ग दाब वाढविण्याचा. १२ व्होल्टऐवजी ४८ व्होल्ट घेतले तर तितक्याच कामाला चौथाई प्रवाह पुरतो आणि तार बारीक करता येते. २०२३ साली ग्राहकांच्या हाती पडलेल्या टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये हा मार्ग स्वीकारलेला आहे.

या तिन्ही मार्गांत कामे कमी झालेली नाहीत. कामे तीच ठेवून तारांचा भार कमी झाला आहे. मी मात्र तार कमी केली आणि तिच्याबरोबर एक काम नकळत काढून टाकले. कार्यालयात एखादा रकाना किंवा जुनी नोंदवही निरर्थक म्हणून बंद करण्याच्या आदेशावर मी आजवर अनेकदा सही केली आहे. त्यांतील कित्येक आदेश योग्यच होते. पण आता सही करण्यापूर्वी मी त्या नोंदवहीवर रोज बसणाऱ्या कारकुनाला बोलावून घेतो आणि विचारतो, ही नसली तर काय अडेल? तो क्षणभर थांबला, तर मीही थांबतो.

भाच्याने ती तार पुन्हा घातली. दीड मीटर लांबीची; तिच्यातील तांबे असेल जेमतेम १० ग्रॅम. तिच्या चिठ्ठीवरील रिकामी तिसरी ओळ भरण्यासाठी त्याने पेन्सिल माझ्या हाती दिली. मी लिहिले, "दिवा, आणि आल्टरनेटर जागा करणे." मग त्याने किल्ली फिरविली. लाल दिवा लागला, इंजिन सुरू झाले आणि दिवा विझला. या खेपेस आम्ही दोघेही त्या दिव्याकडेच पाहत होतो.