हिरवा फटाका म्हणजे किती हिरवा?

(क्युपर्टिनो येथील दिवाळी कार्यक्रमात केलेले भाषण)



आपल्या क्युपर्टिनोत फटाक्यांना पूर्ण बंदी आहे. ऑक्टोबरात इथले डोंगर वाळलेल्या गवताने भरलेले असतात, एक ठिणगी पुरे. पण मुलं विचारतात, "भारतात हिरवे फटाके निघालेत ना? मग ते तरी उडवू या!"

हे फटाके २०१८ मध्ये पुढे आणले ते नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने, इतर राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या साथीने. फटाक्यात असतं काय? जळणारी पूड आणि तिला प्राणवायू पुरवणारा क्षार. लखलखाट अॅल्युमिनियमचा, घसा खवखवतो तो गंधकाच्या धुराने. नीरीच्या 'स्वास' फटाक्यातून फुटताना पाण्याची वाफ निघते, ती धूळ खाली बसवते. 'सफल'मध्ये अॅल्युमिनियम कमी. गंमत म्हणजे ज्योतीला हिरवा रंग देणारे बेरियमचे क्षार सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी बंद केले!

उद्दिष्ट होतं, धुळीचे कण निदान ३० टक्के कमी करायचे. गोम इथेच आहे. ३० टक्के गेले, तरी ७० टक्के उरले. 'हिरवे आहेत' म्हणून दहाऐवजी पंधरा उडवले, की धूर पूर्वीपेक्षा थोडा जास्तच. शेजारच्या दमेकरी आजोबांना फटाक्याचं नाव कळत नाही, धूर कळतो.

तेव्हा सुट्टीत भारतात गेलात तर हिरवेच घ्या, पण मोजून घ्या आणि मोकळ्या मैदानात उडवा. इथे पणत्या आहेत, आकाशकंदील आहे. आणि आवाजच हवा असेल तर खुसखुशीत चकली आहेच!

शुभ दीपावली!