होडीची विजेची मोटार : निवड आणि खरी किंमत
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात सोलापूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षण, वसतिगृह, विवाहातील खर्च ह्या विषयांवर बोलणारे अधिकारी वक्ते ह्या व्यासपीठावर पुष्कळ आहेत. मी जन्माने भोई, आणि पोटासाठी तीस वर्षे ह्या सोलापुरात यंत्रमागाच्या जळालेल्या मोटारी बांधून देणारा कारागीर. तेव्हा मला जे थोडेफार कळते तेवढेच बोलावे, असे मी ठरविले. उजनीच्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्या आपल्या तरुणांमध्ये सांप्रत होडीला विजेची मोटार लावण्याची ओढ उत्पन्न झाली आहे. ती कशी निवडावी आणि तिची किंमत कशी मोजावी, एवढाच माझा विषय आहे.

आपल्या आजोबांना ह्याची गरज नव्हती. भीमेचे पात्र ते काहिलीतून किंवा सांगडीवर ओलांडीत. पैलतीर हाकेच्या अंतरावर असे. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि नदीचा सागर झाला. धरण भरले म्हणजे सुमारे एकोणतीस हजार हेक्टरांवर पाणी पसरते. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड ह्या तालुक्यांच्या शिवारांत ते शिरले आहे. नदीवरचा भोई एका पिढीत सरोवरावरचा मच्छीमार झाला, पण वल्हे मात्र तेच राहिले. सायंकाळी जाळी लावावयास दोन किलोमीटर, परत दोन; पहाटे जाळी काढावयास पुन्हा तितकेच. हे आठ किलोमीटर वल्हविणाऱ्या माणसाचे खांदे चाळिशीतच बोलू लागतात. म्हणून मोटारीची इच्छा चैनीची आहे, असे मी कधीही म्हणणार नाही.

ही मोटार नवी नाही. १८३८ साली याकोबी नावाच्या शास्त्रज्ञाने सेंट पीटर्सबर्ग येथे नेवा नदीवर विजेने होडी चालवून दाखविली होती. आज बाजारात जिला ट्रोलिंग मोटर म्हणतात तिचा उगम १९३४ सालचा. अमेरिकेतील फार्गो गावच्या श्मिट नावाच्या गृहस्थाने फोर्ड गाडीच्या स्टार्टरची मोटार घेऊन ती होडीला जोडली. गळ पाण्यातून संथपणे ओढीत नेणे ह्याला तिकडे ट्रोलिंग म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे केरळात वैकम येथे २०१७ पासून पंचाहत्तर उतारूंची ‘आदित्य’ नावाची बोट सूर्याच्या विजेवर चालते. पण इथे एक भेद ध्यानी घ्यावा. ट्रोलिंग मोटर ही मुळात हौशी गळवाल्यासाठी, शांत तळ्यात हळूहळू फिरण्यासाठी झालेली वस्तू आहे. भरलेली जाळी, ओले मासे आणि दोन माणसे घेऊन वैशाखाच्या वाऱ्यात घरी परतणाऱ्या माणसासाठी ती कोणी घडविली नव्हती. तिच्याकडून हे काम होते, परंतु निवड डोळसपणे केली तरच.

मोटारीच्या खोक्यावर पौंडांचा एक आकडा असतो : तीस, चाळीस, पंचावन्न. हा तिच्या वजनाचा आकडा नव्हे. मोटार पाण्याला किती जोराने रेटते त्याचा आहे. पंचावन्न पौंड म्हणजे पंचवीस किलोंचा रेटा. ढोबळ नियम असा की, होडी, माणसे, जाळी, मासे, बॅटरी ह्या सर्वांच्या एकूण वजनाच्या दोन टक्के तरी रेटा हवा. एकशेवीस किलोंची होडी, दोन माणसे एकशेतीस, जाळी चाळीस, मासे साठ, बॅटरी व मोटार चाळीस. म्हणजे तीनशेनव्वद किलो झाले. दोन टक्क्यांनी आठ किलो, अर्थात् सुमारे सतरा-अठरा पौंड. दुकानदार हा हिशेब करून दाखवितो आणि तीस पौंडी मोटार आपल्या हाती देतो. हिशेब खोटा नाही. तो निवांत पाण्याचा आहे, इतकेच.

आता वारा धरा. होडीची आणि बसलेल्या माणसांची समोरून दिसणारी बाजू सुमारे दीड चौरस मीटर धरली, तर ताशी वीस किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब तिच्यावर तीन किलोंच्या आत येतो. वारा चाळीस झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे अकरा किलो. पाण्याचे आठ व वाऱ्याचे अकरा मिळून एकोणीस किलो, म्हणजे बेचाळीस पौंड. तीस पौंडी मोटार इथे पुरी पडणार नाही. आणि वारा साठ झाला तर एकट्या वाऱ्याचाच दाब पंचवीस किलो होतो, म्हणजे पंचावन्न पौंडी मोटारीचे सारे बळ केवळ जागेवर उभे राहण्यात संपते. लाटा तर मी मोजल्याच नाहीत. म्हणून माझे मत असे की, उजनीवरील दोन माणसांच्या होडीला पंचावन्न पौंडांहून कमी मोटार घेऊ नये, आणि पंचावन्नची असली तरी वादळी वाऱ्यात होडी पाण्यात घालू नये.

२१ मे २०२४ चा तो दिवस आपणांपैकी कोणी विसरले नसेल. कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी सायंकाळी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांना जलसमाधी मिळाली. ती उतारूंची होडी होती, मासेमारीची नव्हे, आणि तिच्या यंत्राविषयी मला काही म्हणावयाचे नाही. परंतु पाणी तेच आहे आणि वाराही तोच आहे. मोटार आली म्हणजे मनुष्य दूर जाऊ लागतो, उशिरा निघू लागतो. वल्ह्याच्या काळी थकवा हाच लगाम होता. मोटार तो लगाम काढून घेते. म्हणून मोटारीबरोबर तरंगजाकिटाची किंमत जमेस धरावी आणि वल्हे घरी ठेवू नये.

आता बॅटरी. माझ्या मते निवड करावयाची ती खरी बॅटरीचीच. मोटार हा तिचा दागिना. पंचावन्न पौंडी मोटार पूर्ण वेगात बारा व्होल्टवर सुमारे पन्नास अँपिअर खाते. शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी अर्ध्याहून अधिक रिकामी करू नये, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हाती पन्नासच उरले. कागदावर एक तास. पण शिशाची बॅटरी वेगाने उपसली की नेहमीपेक्षा कमी देते, तेव्हा प्रत्यक्षात पाऊण तास धरावा. हीच मोटार निम्म्या वेगात बारा-पंधरा अँपिअरवर चालते आणि तीन तासांवर टिकते. पाण्यात वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती आठपट लागते, हे त्याचे कारण. घाई ही पाण्यावर फार महाग वस्तू आहे.

ह्याच कारणास्तव पायऱ्यापायऱ्यांनी वेग बदलणारी मोटार आणि कळ फिरवून सलग वेग बदलणारी मोटार ह्यांतील दुसरी घ्यावी, जरी ती महाग असली तरी. पहिलीत वेग कमी केला की उरलेली वीज तारेच्या वेटोळ्यात तापून वाया जाते, दुसरीत वाचते. आमच्या गोड्या पाण्याला खाऱ्या पाण्याची खास मोटार नको. त्या रंगाचे पैसे वाचवावेत. दांड्याची लांबी मात्र आपल्या होडीच्या मागील फळीवरून मोजून घ्यावी, पंखा पुरता बुडालाच पाहिजे. आणि जलपर्णीतून चालणारा पंखा मिळत असेल तर तोच मागावा.

पुष्कळ माता-भगिनी विचारतात, पाण्यात करंट उतरेल काय? बारा व्होल्टांनी माणूस मरत नाही. पण बॅटरीच्या दोन टोकांवर चुकून पाना पडला तर होडी पेटू शकते. म्हणून टोकांना झाकण, बॅटरीजवळ फ्यूज आणि जाड तार ही हवीतच. शिशाची बॅटरी झोपण्याच्या खोलीत चार्ज करू नये, तिच्यातून जळणारा वायू निघतो.

माझ्या पुतण्याची गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी त्याने मला न विचारता चाळीस पौंडी मोटार आणली आणि तिला मालमोटारीची जुनी बॅटरी जोडली. ती बॅटरी इंजिन चालू करण्यापुरता क्षणभर जोर देण्यासाठी असते. तासन् तास उपसण्यासाठी नव्हे. चार महिन्यांत ती मेली. त्यातच जाळ्याचा नायलॉनचा दोरा पंख्यामागे गुंडाळला जाऊन रबराची सील कापली गेली आणि मोटारीत पाणी शिरले. ती माझ्या टेबलावर आली तेव्हा आत गंज होता. दर फेरीनंतर पंखा काढून मागचा दोरा पाहावयाचा, एवढे त्याला कोणीच सांगितले नव्हते. वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, मोटार गेली त्याचे एवढे दुःख नाही, उचल मात्र राहिली.”

ह्या उचलीपाशीच मला यावयाचे होते. मोटारीसाठी त्याने मासळीच्या व्यापाऱ्याकडून तीस हजार घेतले होते. व्याज नाही, अट एवढीच की मासळी त्यालाच घालावयाची, किलोमागे पाच रुपये कमी दराने. दिवसाला वीस किलो मासळी म्हणजे रोज शंभर रुपये. वर्षात दोनशे दिवस धंदा झाला तर वीस हजार, आणि मूळ रक्कम जशीच्या तशी.

दुसऱ्या बाजूने मोटारीची बचत किती ते पाहा. दर उदाहरणादाखल धरतो. आपण आपले घालावेत. रोजच्या आठ किलोमीटरांस सुमारे चाळीस अँपिअर-तास, म्हणजे चार्ज करताना पाऊण युनिटाच्या आत वीज : सात रुपये. अकरा हजारांची शिशाची बॅटरी चारशे चार्ज टिकली तर प्रत्येक दिवसाचे सुमारे अठ्ठावीस रुपये. पस्तीस हजारांची मोटार पाच वर्षांत हजार दिवस चालली तर दिवसाला पस्तीस. एकूण सत्तर. तीस हजारांची लिथियमची बॅटरी दोन हजार चार्ज चालली तर दिवसाला पंधराच पडतात आणि बेरीज सत्तावन्नवर येते. शिवाय ती शिशाच्या निम्म्याहून हलकी. पेट्रोलच्या छोट्या यंत्राला रोज लिटरभर तेल लागले तर शंभर रुपये तेलातच गेले, यंत्राची झीज वेगळी. म्हणजे पेट्रोलशी तुलना केली तर विजेत तीस-चाळीस रुपये वाचतात. आणि ते वाचविण्यासाठी व्यापाऱ्याला रोज शंभर द्यावयाचे! दुकानातील पावतीवर ही किंमत छापलेली नसते.

जो काठापासून अर्ध्या किलोमीटरातच जाळी लावतो त्याने मोटार घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला खरोखर दूर जावे लागते त्याने प्रथम आपल्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेत चौकशी करावी, बँकेचे व्याज उचलीशी ताडून पाहावे, आणि दोघा-चौघांनी मिळून एक मोटार घेऊन एक हंगाम वापरून पाहावी. मंडळाने ह्या कामी वर्षाला दोन-तीन कुटुंबांना बिनव्याजी रक्कम दिली तर ती बक्षीस-समारंभाहून अधिक कामी येईल. अध्यक्षमहाराज हे मनावर घेतील अशी आशा आहे.

आणखी एक युक्ती सांगतो, कारण तिला पैसा लागत नाही. पुतण्याने अलीकडे दुसरी मोटार पाहिली. खोक्यावर पंचावन्न पौंड लिहिले होते. पैसे देण्यापूर्वी आम्ही ती काठावर नेऊन होडीला लावली, होडीच्या मागे दोरी बांधली, दोरीचे दुसरे टोक मासळी तोलण्याच्या स्प्रिंगच्या काट्याला अडकविले आणि काटा झाडाला बांधला. मोटार पूर्ण वेगाने सोडली. पंचवीस किलो दिसावयास हवे होते. काटा एकोणिसावर थांबला. विक्रेत्याचा माणूस म्हणाला, बॅटरी उतरली असेल. आम्ही नवी भरलेली बॅटरी जोडली. काटा एकोणिसावरच राहिला. मोटार आम्ही त्याच खोक्यात घालून परत दिली. तो काटा माझ्या दुकानात आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी घेऊन जावा, मात्र परत आणून द्यावा.