विजेवरची मोटार आणि परिग्रह-परिमाण



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आयोजित व्याख्यानांत व्रत, तप आणि दान या विषयांचे विवेचन होते, आणि ते उचितच आहे. आजचा विषय मात्र घराच्या ओसरीवरचा आहे. रात्री दुकान वाढवून गृहस्थ घरी येतो, जेवण आटोपते आणि पती-पत्नींत बोलणे निघते की विजेवर चालणारी मोटार आता घ्यावी काय? दहा-पंधरा लाखांचा हा व्यवहार आहे. कळंबसारख्या तालुक्याच्या गावात ही रक्कम म्हणजे अनेक कुटुंबांच्या कित्येक वर्षांची शिल्लक. तेव्हा हा प्रश्न केवळ बाजाराचा आहे की धर्माचाही आहे, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

तो धर्माचा आहे, यास आधार आहे. बाह्य परिग्रहाचे जे दहा प्रकार प्रचलित गणनेत सांगितले जातात, त्यांत क्षेत्र, वास्तू, धन, धान्य यांच्याबरोबर 'यान' म्हणजे वाहन स्वतंत्रपणे मोजले आहे. याचा अर्थ वाहनाचा मोह आजचा नव्हे. पूर्वाचार्यांनी तो ओळखूनच यादीत घातला आहे.

उपासकदशांग या आगमातील आनंद श्रावकाची कथा येथे आठवावी. वाणिज्यग्रामचा हा धनाढ्य गाथापती भगवान महावीरांपुढे श्रावकव्रते घेताना आपल्या संपत्तीची मर्यादा आकड्यांत सांगतो. चार कोटी हिरण्य ठेवीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात. वाहनांबद्दलही त्याचा हिशेब स्पष्ट आहे. पाचशे गाड्या प्रवासाच्या आणि पाचशे माल वाहण्याच्या, त्याखेरीज नौका. एवढ्याच, यापलीकडे नाहीत. पुढचा प्रसंग अधिक मननीय आहे. घरी परतून आनंद हे सर्व पत्नी शिवनंदा हिला सांगतो आणि ती स्वतः भगवंतांच्या दर्शनास जाऊन श्रावकव्रते ग्रहण करते. पतीने पत्नीच्या वतीने व्रत घेतले, असे त्या कथेत नाही. घराची मर्यादा दोघांनी, आपापल्या समजुतीने, ठरवायची असते, हा त्यातील बोध आहे.

आता कळंबमधील एका दांपत्याची केवळ विवेचनासाठी कल्पना करावी. वय साठीच्या आसपास, मुले परगावी, दुकान चालते आहे, दारात जुनी पेट्रोलची मोटार आहे आणि ती अजून धड चालते. गृहस्थांच्या मनात विजेची मोटार भरली आहे. सौभाग्यवती घरखर्चाची वही स्वतः लिहितात. गृहस्थांचे म्हणणे तीन मुद्द्यांचे आहे. इंधनाचा खर्च वाचेल, शासनाच्या सवलती आहेत आणि धूर नसल्याने हिंसा टळेल. हे तिन्ही मुद्दे क्रमाने तपासले पाहिजेत.

प्रथम सवलतींचा विचार. विजेची मोटार भारतात अगदी नवी नाही. बंगळूरची 'रेवा' २००१ मध्ये रस्त्यावर आली होती. परंतु मध्यमवर्गीय कुटुंबाच्या विचारात ती खऱ्या अर्थाने आली ती जानेवारी २०२० मध्ये टाटांची 'नेक्सॉन' विजेवर आल्यानंतर. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, आणि महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व अटल सेतू येथे विजेच्या मोटारींना पथकर माफ करण्याची घोषणा झाली. दुसरी बाजूही आहे. मोटारीच्या कर्जावरील व्याजास दीड लाखापर्यंत मिळणारी प्राप्तिकराची वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल मोटारींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला. म्हणजे पेट्रोलची गाडी स्वस्त झाली. पथकराविषयी सौभाग्यवतींचा प्रश्न साधा आहे: "अहो, अटल सेतूवरून वर्षातून आपण किती वेळा जातो?"

आता इंधनाचा हिशेब. व्यापाऱ्याच्या घरात हा हिशेब तोंडी न राहता कागदावर मांडला जावा. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि गाडी १५ किलोमीटर चालते असे धरले, तर किलोमीटरला ७ रुपये पडतात. विजेचे युनिट १० रुपये आणि एका युनिटात साडेसहा किलोमीटर धरले, तर किलोमीटरला सुमारे दीड रुपया. बचत साडेपाच रुपयांची. ऐकताना हा आकडा मोठा वाटतो. परंतु या दांपत्याची गाडी वर्षाकाठी ६,००० किलोमीटरच फिरते. बचत झाली ३३,००० रुपये. जुन्या गाडीच्या दुरुस्तीचे १५,००० त्यात मिळवले, तर ४८,०००. नवी गाडी १४ लाखांना आली आणि जुनीचे २ लाख मिळाले, तर १२ लाख रुपये गुंतले. बँकेतील ठेवीवर ७ टक्के व्याज धरले, तर ही रक्कम वर्षाला ८४,००० रुपये देते. ४८,००० वाचवण्यासाठी ८४,००० सोडायचे, आणि वर गाडीची किंमत वर्षागणिक घटत जाणार. हा व्यवहार बचतीचा नाही, एवढे त्या कागदावरून स्पष्ट होते.

परंतु हाच कागद दुसऱ्या घरात वेगळे उत्तर देतो. एखादा तरुण नोकरी-व्यवसायासाठी लातूर वा धाराशिवला नित्य ये-जा करतो, वर्षाला २०,००० किलोमीटर फिरतो आणि त्याची जुनी गाडी खरोखर मोडकळीस आली आहे. त्याला नवी मोटार घ्यायचीच आहे. त्याच्यापुढचा प्रश्न १४ लाखांचा नसून पेट्रोल व वीज या दोन गाड्यांतील फरकाचा, समजा ४ लाखांचा आहे. त्याची बचत वर्षाला १ लाख १० हजार होते आणि व्याज धरूनही चार-साडेचार वर्षांत फरक फिटतो. बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेथपर्यंत देतात. म्हणजे फरक हमीच्या मुदतीत फिटतो. त्याने मात्र घरी गाडी उभी करून चार्जिंग करण्याची सोय, महावितरणकडून मंजूर भार आणि वीज जाण्याच्या वेळा आधी पाहाव्यात. कंपनीने सांगितलेला पल्ला प्रत्यक्ष रस्त्यावर, विशेषतः मराठवाड्याच्या मे महिन्यात वातानुकूलन चालू असताना, बराच कमी भरतो, हेही त्याने ध्यानी ठेवावे.

तिसरा मुद्दा अहिंसेचा, आणि जैन समाजाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. विजेच्या मोटारीला धुराचे नळकांडे नाही, हे सत्य आहे. गल्लीत, शाळेसमोर, मंदिराच्या दारात ती धूर सोडत नाही, हा लाभ लहान नाही. परंतु वीज कोठून येते? महाराष्ट्रातील विजेचा मोठा हिस्सा आजही कोळशापासून तयार होतो. शेजारच्या बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक केंद्र सर्वांच्या परिचयाचे आहे. कोळसा खणताना पृथ्वीकाय, बाष्पासाठी व थंडाव्यासाठी अप्काय, ज्वलनात तेजस्काय आणि धुरात वायुकाय अशा चारही प्रकारच्या जीवांची विराधना तेथे होते. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले होते, त्यावरून विजेला किती पाणी लागते याची कल्पना यावी. बॅटरीसाठी लिथियमसारखी खनिजे भूमीतून काढावी लागतात. विजेची मोटार घडवताना पेट्रोलच्या मोटारीपेक्षा अधिक प्रदूषण होते आणि ती पुरेशी चालल्यानंतरच ते भरून निघून तिचा लाभ सुरू होतो. वर्षभर बहुतेक काळ दारात उभी राहणारी गाडी हे ऋण फार सावकाश फेडते. शिवाय रस्त्यावरील त्रस जीव चाकाखाली येतात तेव्हा चाक पेट्रोलने फिरते की विजेने, याने त्या जीवास फरक पडत नाही.

म्हणूनच मुनिराज पायी विहार करतात, चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकतात. आपल्याच जिल्ह्यातील कुंथलगिरी हे कुलभूषण-देशभूषण मुनींचे सिद्धक्षेत्र. तेथेच १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली. आयुष्यभर भारतभूमीवर पायी विहार केलेल्या त्या महापुरुषाच्या क्षेत्री आज श्रावक मोटारीने जातो, यात दोष काढण्याचे कारण नाही. गृहस्थाचे व्रत अणुव्रत आहे. परंतु अणुव्रत म्हणजे मर्यादा, आणि मर्यादा मोजता आली पाहिजे.

पैशाचा हिशेब केला काय आणि हिंसेचा केला काय, दोहोंचे उत्तर एकाच गोष्टीवर येऊन थांबते. गाडी किती किलोमीटर चालते, यावर. श्रावकाचे दिग्व्रत नेमके हेच विचारते. कोणत्या दिशेला किती अंतर जायचे, हे आधी ठरवावे. अनर्थदंडविरती पुढे विचारते, की जाणे प्रयोजनाचे आहे काय? किलोमीटरला दीड रुपया पडतो म्हटल्यावर निष्प्रयोजन फेऱ्या वाढतात, हा मनुष्यस्वभाव आहे. मग विजेची मोटार घेऊन हिंसा घटली, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आता त्या दांपत्याकडे परत यावे. हिशेबाचा कागद पुढे ठेवल्यावर गृहस्थ काही वेळ गप्प राहतात आणि मग प्रांजळपणे सांगतात, की गाडी आवडली आहे. एवढी वर्षे कष्ट केले, दारात एक चांगली वस्तू असावी असे वाटते. सौभाग्यवती त्यांची थट्टा करीत नाहीत. त्या म्हणतात, "आवडली आहे ना, मग तसेच म्हणा. ऐपत आहे, एखादी हौस केली तर कोणी नाव ठेवणार नाही. पण हौसेला अहिंसेचे नाव नको." या तीन वाक्यांत परिग्रहाचे मर्म आले आहे. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूच्या संख्येने केली नाही, मूर्च्छेने म्हणजे आसक्तीने केली आहे. आसक्ती उघड दिसली, तर तिला आवर घालता येतो. धर्माचे पांघरूण घेतलेली आसक्ती मात्र ओळखू येत नाही, आणि म्हणून वाढत जाते.

अशा दांपत्याने काय करावे? जुनी गाडी धड आहे तोवर ती चालवावी; बनलेली वस्तू पुरती वापरणे हाही संयमच आहे. गावातल्या फेऱ्यांसाठी मोटार काढण्याची गरज नाही. अहमदनगर जिल्ह्यातून (आताच्या अहिल्यानगरमधून) पुढे आलेल्या फिरोदिया या जैन उद्योजक कुटुंबाच्या कायनेटिकने १९७२ मध्ये लुना आणली आणि अनेक सामान्य घरांना पहिले वाहन मिळाले. त्याच घराण्याच्या कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेवरची लुना आणली. मोटारीच्या किमतीच्या लहानशा अंशात बाजारहाट भागतो. राहिलेल्या रकमेतून छतावर सौरसंच बसवावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरवले आहे. असा संच स्वच्छ उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज देतो आणि मराठवाड्यात उन्हाची वाण नाही. उद्या विजेची मोटार आलीच, तर ती परळीच्या कोळशावर कमी आणि घरच्या उन्हावर अधिक चालेल.

आणि शेवटी दोघांनी मिळून वहीत तीन ओळी लिहाव्यात. घरात मोटारी किती, एकच की दोन? नवी घेतल्यास कमाल रक्कम किती? वर्षाला किलोमीटर किती? खाली तारीख घालावी आणि दोघांनीही सही करावी. जुनी गाडी थकेल त्या दिवशी वही उघडावी आणि ठरलेल्या आकड्यात बसेल ती, शक्यतो विजेची, गाडी निःशंक मनाने आणावी. वृद्ध मातापित्यांना लातूरच्या रुग्णालयात न्यायचे असो वा कुंथलगिरीस दर्शनाला जायचे असो, त्या गाडीत बसताना मनात खंत राहणार नाही. आकडा ठरण्यापूर्वीच गाडी दारात आली, तर मात्र पुढच्या वर्षी तिच्याहून मोठी दिसू लागते, हे बाजारात आयुष्य गेलेल्यांना सांगावयास नको.

आपल्या समाजात व्रते बहुधा पर्युषणात, चातुर्मासात घेतली जातात. मोठ्या खरेदीच्या आदल्या रात्री पती-पत्नींनी एकत्र बसून परिग्रह-परिमाणाचा विचार करण्याची चाल पडली, तर सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षाचे ते एक चांगले फलित ठरेल. शिवनंदा आणि आनंद यांचा संवाद ज्या घरात होतो, त्या घरास मर्यादा बाहेरून कोणी शिकवावी लागत नाही.