मुलांचे घर आणि आपले डोळे
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनी काही वाङ्मयीन बोलावे अशी आपली प्रथा. पण या वेळी कार्यवाहबाईंनी मला घरखरेदीवर बोलायला सांगितले, तेही परदेशी राहणाऱ्या मुलांच्या घरखरेदीवर. विषय रुक्ष आहे खरा. परंतु "आई, पुण्यात एक फ्लॅट पाहिलाय, तू जरा जाऊन बघून येतेस का?" असा फोन कुणाकुणाला आला, असे विचारले तर या सभागृहातले निम्मे हात वर होतील. तेव्हा हा विषय मुलांचा जितका, तितकाच आपला आहे.

मुलाने फ्लॅट ‘पाहिला’ म्हणजे काय केले? बिल्डरने त्याला एक दुवा पाठविला. न्यू जर्सीत रात्री जेवणे उरकल्यावर पडद्यावर बोट फिरवीत तो दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात आणि तेथून गच्चीत हिंडून आला. २०२० च्या टाळेबंदीपासून ही रीत फार पसरली. ती वाईट आहे असे मी म्हणणार नाही. वीस घरांतली सतरा घरे बसल्या जागी बाद करता येतात, आणि विमानाचे भाडे वाचते. मात्र उरलेल्या तिघांपैकी एक निवडणे तिच्या आवाक्यातले नाही.

कॅमेऱ्याचे भिंग रुंद असले की दहा फुटांची खोली चौदा फुटांची भासते. इमारत अजून उभीच नसेल तर दिसते ते संगणकाने काढलेले चित्र. त्यात ऊन नेहमी सकाळचे आणि झाडे वाढलेली. नमुन्याचे घर प्रत्यक्ष पाहायला गेलात तरी सावध असावे. तेथे पुष्कळदा खोल्यांना दारे नसतात, एका भिंतीला आरसा असतो आणि पलंग बेताचा ठेवलेला असतो. पर्समध्ये मोजपट्टी ठेवा आणि संकोच न करता जमिनीवर वाकून मापे घ्या. ती करारातल्या चटई क्षेत्राशी ताडून पाहा. या क्षेत्रात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरीत नाहीत.

आमच्या ओळखीच्या एक बाई मुलीसाठी असेच घर पाहायला गेल्या. पडद्यावर शयनगृहाच्या खिडकीतून हिरवी मोकळी जागा दिसत होती आणि प्रत्यक्षातही ती होतीच. विक्री करणारी मुलगी गोड बोलत होती. बाईंना चहाची तल्लफ आली, म्हणून त्या फाटकाबाहेरच्या टपरीवर गेल्या. चहावाल्याने सहज सांगितले, की या हिरव्या जागेवर याच बिल्डरची दुसरी इमारत येणार आहे, मोजणी झालीसुद्धा. घरी येऊन त्यांनी नातवाकरवी महारेराच्या संकेतस्थळावरचा नकाशा उघडला. दुसरा टप्पा त्यात स्पष्ट दाखविला होता. कुणी खोटे बोलले नव्हते. फक्त कुणी विचारले नव्हते. मुलीने त्याच प्रकल्पात रस्त्याच्या बाजूचे घर घेतले.

म्हणून माझे सांगणे असे, की बिल्डरच्या माणसापेक्षा टपरीवाला, पहारेकरी आणि शेजारच्या इमारतीतल्या बायका यांच्याशी अधिक बोलावे. याच बिल्डरची पाच-सात वर्षांची जुनी इमारत कोठे आहे ते विचारून तेथे जावे. वाघोली, बावधन, बाणेर या भागांत कित्येक सोसायट्यांना टँकरचे पाणी घ्यावे लागते. टँकरला महिन्याला किती पैसे जातात, हे तेथली गृहिणी एका वाक्यात सांगेल. माहितीपत्रक शंभर पानांचे असले तरी सांगणार नाही. एक फेरी सकाळी मारा, एक संध्याकाळी वाहनांची गर्दी असताना. जमल्यास एक भर पावसात.

आता कागद. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाला महारेराचा नोंदणी क्रमांक हवा; तो कायदा २०१६ चा, आणि महाराष्ट्रात प्राधिकरण मे २०१७ पासून काम करते. करार नोंदविल्याशिवाय घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. "आज भरा, सवलत उद्या संपते" असे कोणी म्हणाले तर हा आकडा आठवावा. जमिनीचा मागील तीस वर्षांचा शोध आपल्या वकिलाकडून घ्यावा, बिल्डरच्या नव्हे. परदेशस्थ भारतीय नागरिकाला येथे राहते घर विकत घेता येते, पण शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस घेता येत नाही. कोकणातली आंब्याची वाडी त्यांच्या पैशाने आपल्या नावावर करून टाकू, हा सोपा वाटणारा मार्ग वकिलाला विचारल्यावाचून कुणी धरू नये.

आणि ते कुलमुखत्यारपत्र! मुलगा सहीला येऊ शकत नाही, म्हणून आईला मुखत्यार करतो. ते पत्र तिकडे भारतीय वकिलातीत साक्षांकित करून येते, आणि येथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. मजकूर छापील नमुन्यातून उचललेला असतो. त्यात विकणे, गहाण टाकणे, कर्ज काढणे असे सगळेच अधिकार असतात. ते नकोत. अमुक इमारतीतला अमुक क्रमांकाचा फ्लॅट विकत घेणे, नोंदणीस हजर राहणे आणि ताबा घेणे, एवढेच लिहावे. ताब्याच्या कागदावर सही करण्याआधी प्रत्येक नळ सोडून पाहावा, प्रत्येक खिडकी लावून पाहावी. बांधकामातला दोष ताब्यापासून पाच वर्षांत दाखविला तर बिल्डरने तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तेव्हा ताब्याची तारीख कॅलेंडरवर नव्हे, वहीत लिहून ठेवा.

एक गोष्ट मात्र कुठल्याच वकिलाच्या यादीत नसते. मुलाचे घर पाहायला आपण जातो तेव्हा मनात निराळेच चाललेले असते: येथे घर झाले म्हणजे तो परत येईल. मग ओल दिसत नाही, लिफ्ट बंद असल्याचे मनावर येत नाही, आणि फोनवर आपण "छान आहे रे" म्हणून मोकळ्या होतो. त्याने आयुष्याची शिल्लक आपल्या त्या तीन शब्दांवर लावलेली असते. कदाचित तो परत येईल, कदाचित ते घर भाड्याने जाईल आणि भाडेकरूच्या गळक्या नळासाठी आपल्यालाच धावावे लागेल. तो यायचा की नाही, हे त्याला सरळ विचारावे. उत्तर ऐकायला जड जाईल. पण दोन खोल्यांचे घ्यायचे की चार, हे त्याच उत्तरावर ठरते.

म्हणून अशा फेरीला एकटीने जाऊ नये. मंडळातली एखादी मैत्रीण बरोबर घ्या. तिला तुमच्या मुलाची ओढ नसते, तिला ओल दिसते. मापे, पाणी, रस्ता, कागद यांची एक यादी मी कार्यवाहबाईंकडे देऊन ठेवली आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी चहाच्या वेळी त्यांच्याकडून उतरवून घ्यावी, आणि कुणाच्या मुलाचे घर पाहायला जायचे असेल तर मलाही हाक मारावी. गुरुवारी दुपारी मी मोकळी असते.