टर्बो उघडावा कुणी?



टेबलावर हा नारळाएवढा ओतीव गोळा ठेवलाय, तो माझ्या जुन्या गाडीचा टर्बो. गाडी १.३ लिटर डिझेलची. फियाटचं हे इंजिन एके काळी इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत होतं की लोक त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणत. आपल्या रांजणगावलाही ते बनायचं. हा टर्बो मी एकदा स्वतः उघडला आणि एकदा दुकानात दिला. दोन्ही वेळा फसलो.

टर्बोचं काम सोपं आहे. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकानं इंजिनात हवा कोंबायची. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्यानं १९०५ साली याचं पेटंट घेतलं. वेग मात्र भलता. छोटा टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. एवढ्या वेगात दांडा बेअरिंगला टेकत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो.

तर, चढावर गाडी ओढेना आणि मागून निळा धूर. मी नाना पेठेतून किट आणलं: बेअरिंग, सील, ओ-रिंगा. पार्किंगमध्ये वर्तमानपत्र पसरून बसलो. कॉम्प्रेसरच्या चाकाचा नट उलट्या आट्यांचा असतो, हे अर्धा तास पाना ताणल्यावर कळलं. मंडळींनी चहा देताना विचारलं, “हे परत बसणार आहे ना?” बसलं. पण उघडण्याआधी दांडा, चाक आणि नट यांवर खुणा करायच्या राहिल्या होत्या, त्यामुळे ते मूळ जागी बसले नाहीत आणि तोल गेला. गाडी सुरू केली तर अशी शीळ, की शेजाऱ्यांना वाटलं रुग्णवाहिका आली.

रात्री कागद घेऊन हिशेब मांडला. चाकाच्या कडेला, मध्यापासून दोन सेंटिमीटरवर, ०.१ ग्रॅम वजन जास्त आहे असं धरा. तांदळाचे चार-पाच दाणे. दीड लाख फेऱ्यांना ते दांड्याला सुमारे ५० किलोच्या जोरानं ओढतं. सिमेंटचं एक पोतं, सेकंदाला २,५०० वेळा दिशा बदलणारं! तेलाचा थर ते किती सोसणार?

दुकानात हा तोल दोनदा साधतात. आधी सुटे भाग, मग जुळवलेला अख्खा कोर, म्हणजे दांडा, चाकं आणि बेअरिंग यांचा मधला गाभा, तेल दाबानं सोडून, प्रचंड वेगात फिरवून. यंत्र दाखवेल तिथला कणभर धातू खरवडून काढतात. याच इंजिनाच्या ९० अश्वशक्तीच्या प्रकारात तर टर्बोची पाती हलती असतात. ती किती उघडावीत हेही हवेचा प्रवाह मोजूनच ठरतं. हौसेला इथे हात जोडावेत.

म्हणून दुसऱ्यांदा दुकान. काम चोख झालं, शीळ गेली. दोन महिन्यांत पुन्हा धूर! टर्बो का मेला, हे ना दुकानदारानं विचारलं, ना मी. टर्बोला तेल पोचवणारी नळी आतून काजळीनं बुजत आली होती. दोष निम्मा माझाच. खंबाटकी घाट चढून आलो की हॉटेलपाशी लगेच किल्ली फिरवून इंजिन बंद करायची माझी सवय. तापलेल्या टर्बोतलं तेल तिथंच जळून कोळसा होतं.

तिसऱ्या वेळी कोर दुकानाकडे आणि भोवतीचं सगळं माझ्याकडे, अशी वाटणी केली. तेलाची नळी नवी घातली. परतीची नळी फुंकून पाहिली, कारण ती तुंबली तर चांगल्या सीलमधूनही तेल गळतं आणि दोष बिचाऱ्या सीलला. जोडावर गॅस्केटची पेस्ट लावली नाही. तिचा एक तुकडा सुटला की तेलाची वाट बंद. टर्बोतून येणारी हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमध्ये साचलेलं तेल काढलं, कारण डिझेल इंजिन तेही पिऊन सैराट पळू शकतं. शेवटी टर्बोत तेल ओतून चाक हातानं फिरवलं आणि डिझेल तोडून नुसता स्टार्टर मारला, म्हणजे पहिल्या फेऱ्याआधी तेल हजर. शनिवारची दुपार यात गेली. दुकानात कोण एवढी दुपार देतो?

जाताना हा दांडा हलवून बघा. आडवा किंचित हलला तर घाबरू नका, कोरडं बेअरिंग सैलच लागतं. पुढेमागे हलता कामा नये. हा हलतो, म्हणूनच तो टेबलावर आहे. आणि रुमाल जवळ ठेवा, काजळी लवकर निघत नाही.