पडली म्हणजे संपली, असं नाही

भाकरी थापत असाल तर थापत राहा, शेळ्यांमागं असाल तर बांधावर जरा टेका, पण थोडा वेळ कान इकडं असू द्या. घरात सासूबाई असतील, आई असेल, तर त्यांनाही रेडिओजवळ बोलवा. आज त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. आणि वीस वर्षांनंतरच्या आपल्याबद्दलही.

गोष्ट आमच्याच एका गटातली आहे, म्हणून नाव सांगत नाही. गटातल्या एका ताईच्या सासूबाई, वय सत्तरीच्या पुढं. पहाटे न्हाणीत पाय घसरला आणि एका अंगावर पडल्या. उठता येईना. डावा पाय आखूड दिसायला लागला, पाऊल बाहेरच्या बाजूला कललेलं. घरच्यांनी शेजारच्या गावातल्या हाड बसवणाऱ्याला आणलं. त्यानं पाय ओढला, तेल लावलं, बांबूच्या पट्ट्या बांधल्या. बारा दिवस तसेच गेले. बाराव्या दिवशी एक्स-रे काढला, तर खुब्याचं हाड मोडलेलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. ताई गटाकडं कर्ज मागायला आली.

पुढचं सांगताना आम्हाला जड जातं. गटात पैसे होते. पण बैठकीत बोलणं निघालं, ‘या वयात कशाला चिरफाड? टेबलावरच गेल्या म्हणजे? म्हातारं हाड का जुळणार आहे?’ आम्हीही गप्प राहिलो. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आणि इतिवृत्ताच्या वहीत तसं लिहिलंसुद्धा. पुढच्या बैठकीपर्यंत सासूबाईंच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, छातीत कफ भरला होता. अडीच महिन्यांनी त्या गेल्या. तेवढ्या दिवसांत सुनेची मजुरी बुडाली आणि आठवीतली नात शाळा सोडून आजीच्या उशाशी बसली.

वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. आम्हाला काही ते पटेना. म्हणून तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना गटात बोलावलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘याआधी त्यांचं कुठलं हाड मोडलं होतं का?’ ताई म्हणाली, ‘हो, तीन वर्षांपूर्वी अंगणात पडल्या होत्या, तेव्हा मनगट मोडलं होतं.’ मनगटाला प्लास्टर घातलं, दीड महिन्यानं काढलं, विषय संपला. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलंच कसं, हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, तीच पहिली हाक होती.

हाडाचा हिशेब आपल्या बचत खात्यासारखा समजा. लहानपणापासून साधारण तिशीपर्यंत हाडात भर पडत जाते. पुढं काही वर्षं जमा आणि खर्च बरोबरीनं चालतात. मग पाळी जाते आणि खर्च एकदम वाढतो. कारण बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक हाडं राखायचं काम करतं आणि पाळी गेली की तेच कमी होतं. अमेरिकेतले डॉक्टर फुलर अल्ब्राइट यांनी १९४१ सालीच पाळी जाण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा हा संबंध मांडला होता. या आजाराला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हाड बाहेरून तसंच दिसतं, पण आतून वाळवी लागलेल्या लाकडासारखं पोकळ होत जातं. दुखत काहीच नाही, म्हणून कळत नाही. कळतं ते मोडल्यावर.

आपल्या भागातल्या बायकांना इथं एक जास्तीचा धोका आहे. कितीजणींच्या पिशव्या तिशी-पस्तिशीतच काढल्या गेल्या आहेत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा हा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली असतील, तर हाडांचा खर्च त्या दिवसापासूनच वाढतो. म्हणून आपल्या ऑपरेशनचा कागद शोधा आणि काय काय काढलं हे डॉक्टरांकडून समजून घ्या.

आता खुब्याकडं येऊ. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो, तो कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. गोळ्याच्या खाली हाडाची बारीक मान असते. गोळ्याला रक्त जातं ते बहुतेक या मानेवरून. मान मोडून हाड सरकलं की गोळ्याचं रक्त तुटतं. मग कितीही पट्ट्या बांधा, म्हाताऱ्या माणसात ते हाड जुळणं कठीण. अशा वेळी गोळाच बदलावा लागतो. मोड मानेच्या खाली असेल, तर रक्त चालू राहतं. तिथं सळी किंवा पट्टी-स्क्रू घालून हाड धरून ठेवतात आणि ते जुळतं. कुठला मोड आहे हे एक्स-रेच सांगतो, हातानं चाचपून कळत नाही.

हा सांधा बदलणं आज सगळीकडं होतं, पण ते सहज साधलेलं नाही. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली नावाचे सर्जन होते. वाटीसाठी त्यांनी आधी टेफ्लॉन वापरलं, आपल्या न चिकटणाऱ्या तव्यावर असतं ते. ते थोड्याच वर्षांत झिजलं आणि रुग्णांची ऑपरेशनं पुन्हा करावी लागली. शरीर कुठलं प्लॅस्टिक सोसतं हे बघायला चार्नलींनी टेफ्लॉनचे आणि दुसऱ्या एका प्लॅस्टिकचे तुकडे स्वतःच्याच मांडीत घालून घेतले. १९६२ साली त्यांनी धातूचा लहान गोळा आणि त्या दुसऱ्या, टणक प्लॅस्टिकची वाटी अशी जोडी बसवली. ती टिकली. आज बसवले जाणारे सांधे त्याच वाटेनं पुढं आलेले आहेत.

पूर्ण सांधा बदलायचा म्हणजे गोळा आणि वाटी दोन्ही. अर्धा सांधा म्हणजे फक्त गोळा. डॉक्टर ‘अर्धा पुरेल’ म्हणाले की घरच्यांना वाटतं, गरीब बघून कमी दर्जाचं देतात. तसं समजू नका. २०१९ साली दहा देशांतल्या जवळपास १,५०० रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. पूर्ण सांधावाले आणि अर्धा सांधावाले, दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशनची पाळी किती जणांवर आली, तर दोन्हीकडं १०० मागं साधारण आठ. पूर्ण सांध्यानं चालणं किंचित बरं होतं, एवढाच फरक. वय, तब्येत आणि ती बाई आधी किती हिंडत-फिरत होती, हे बघून डॉक्टर ठरवतात. तुम्ही कारण विचारा, मोकळेपणानं विचारा.

आणि आता वेळेबद्दल. २०२० साली आणखी एक मोठा अभ्यास आला. १७ देशांतले २,९७० रुग्ण, त्यात आपल्या भारतातलेही होते. खुबा मोडल्याचं निदान झाल्यावर काहींचं ऑपरेशन सहा तासांच्या आसपास केलं, बाकीच्यांचं नेहमीसारखं, म्हणजे साधारण २४ तासांनी. मृत्यूंमध्ये ठळक फरक दिसला नाही. पण लवकर झालेल्यांमध्ये बरळणं, भ्रम होणं कमी दिसलं आणि ते लवकर उभे राहिले. आम्ही हे ऐकलं आणि एकमेकींकडं बघत राहिलो. त्या अभ्यासात उशीर म्हणजे २४ तास. आमच्या सासूबाईंचे पट्ट्यांमध्येच बारा दिवस गेले, आणि वर आम्ही पुढच्या बैठकीची तारीख दिली.

साखर, रक्तदाब किंवा छातीचा त्रास असेल तर डॉक्टर आधी तो आटोक्यात आणतात, त्याला एखादा दिवस लागू शकतो. पण एक-दोन दिवसांत ऑपरेशन व्हावं, हेच धरून चाला. ऑपरेशनला धोका नाही असं आम्ही म्हणत नाही. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण पाचातलं एक वर्षभरात दगावतं, ऑपरेशन होऊनसुद्धा. पण अंथरुणाला खिळून राहण्याचा धोका त्याहून मोठा आहे. छातीत कफ, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गाठी हे सगळं पडून राहण्यानं होतं. ऑपरेशन करायचं ते तिला उभं करण्यासाठी.

घरात कुणी पडलं तर काय करायचं, ते लक्षात ठेवा. उभं करून बघू नका. पाय ओढू नका, चोळू नका. दोन्ही पायांच्या मध्ये उशी द्या, पाय हलणार नाही असं बघा आणि १०८ ला फोन लावा. गाडी दारापर्यंत येत नसेल तर खाटेवरून न्या. चालू गोळ्या, आधार कार्ड आणि रेशन कार्ड सोबत घ्या. कधी कधी हाड मोडूनही पाय सरळ दिसतो, बाई लंगडत चालतेसुद्धा. जांघेत दुखत असेल तर एक्स-रे काढाच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. हे ऑपरेशन योजनेत बसतं का, कुठल्या दवाखान्यात होईल, हे त्याला विचारा. पैसे भरायच्या आधी विचारा.

सांधा बसवला असेल तर त्याच्या खोक्यावर कंपनीचं नाव आणि नंबर असलेलं स्टिकर असतं. ते फाईलमध्ये चिकटवलेलं आहे का, बघून घ्या. २०१० साली एका परदेशी कंपनीनं धातूवर धातू घासणारा आपला सांधा जगभरातून परत घेतला, कारण तो लवकर खराब होत होता. भारतातही तो बसवलेला होता आणि त्यातल्या बऱ्याच रुग्णांचा पत्ताच लागला नाही. म्हणून तो कागद जमिनीच्या उताऱ्यासारखा जपा.

ऑपरेशन झालं की काम संपलं, असंही नाही. एक खुबा मोडला म्हणजे दुसरं हाड मोडायच्या वाटेवर आहे. १९९६ साली एक अभ्यास आला होता. मणक्याचं हाड आधीच दबलेल्या २,०२७ बायका, तीन वर्षं बघितल्या. अलेन्ड्रोनेट नावाची गोळी घेणाऱ्यांमध्ये खुबा मोडण्याचं प्रमाण जवळपास निम्मं झालं. २००७ साली दुसरा आला. खुब्याच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन, वर्षातून एकदा. साधारण दोन वर्षांत नवीन हाड मोडणं तर कमी झालंच, पण मृत्यूही १०० मागं तेराच्या जागी साडेनऊच्या आसपास आले. म्हणून दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांना हे विचाराच, ‘हाड बसवलं, आता हाडं ठिसूळ झाल्याचं औषध कधी सुरू करायचं?’ ही औषधं आपल्या मनानं घ्यायची नाहीत. आधी किडनी, दात, ड जीवनसत्त्व बघावं लागतं. आणि ती गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

आता आपल्यासाठी. कॅल्शियम रोज १,००० मिलीग्रॅम लागतं, पाळी गेल्यावर १,२००. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं. दूध, ताक, तीळ, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी हे सगळं आपल्याच रानातलं आणि गोठ्यातलं. पण डेअरीला दूध घालताना घरातल्या बाईसाठी एक पेला मागं ठेवायची सवय आपल्याला नाही. ती लावून घ्या. शेतात राबणाऱ्या बायकांमध्येही ड जीवनसत्त्व कमी सापडतं, कारण अंग झाकलेलं असतं. थोडा वेळ हातापायांना ऊन लागू द्या. सांधेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्या घेऊ नका. त्यात कित्येकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं आणि तेच हाडं पोकळ करतं. न्हाणीतलं शेवाळ घासून काढा, भिंतीला धरायला पाइप ठोका, रात्री संडासच्या वाटेवर दिवा ठेवा. मोतीबिंदू असेल तर काढून घ्या. आणि पाळी गेलेल्या प्रत्येकीनं बघा, उंची दीड इंचाहून कमी झाली का? पाठीला बाक येतोय का? साध्या पडण्यानं कधी हाड मोडलंय का? एकाचंही उत्तर हो आलं, तर दवाखान्यात जाऊन हाडांच्या तपासणीबद्दल विचारा.

शेवटी आमच्या गटाचं सांगतो. डॉक्टरबाई येऊन गेल्यावर आम्ही ठराव केला. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडलं, तर कर्जासाठी बैठकीची वाट बघायची नाही. अध्यक्ष, सचिव आणि आणखी दोघींनी त्याच दिवशी ठरवायचं. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या एका ताईची आई गोठ्यात पडली. दुपारी पडली, संध्याकाळी गटाचे वीस हजार हातात होते, बाकीचं योजनेत बसलं. दुसऱ्या दिवशी अर्धा सांधा बसवला, तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी केली. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, म्हणून जावयानं खुर्चीला भोक पाडून संडासची सोय केली. आज ती काठी घेऊन दारापर्यंत येते आणि मांडी घालू देत नाहीत म्हणून आम्हालाच बोलते. बोलू दे.

पण पहिल्या सासूबाईंचं नाव आमच्या वहीत अजून आहे. ‘विषय पुढील बैठकीत घ्यावा’, असं त्यापुढं लिहिलंय. ते पान आम्ही फाडलेलं नाही. तुमच्या गटाच्या वहीत असं पान यायला नको, म्हणून येत्या बैठकीत हा ठराव मांडा.

भेटू पुढच्या आठवड्यात. रामराम.