बार्शी लाईट, संगणकाच्या पडद्यावर

कुर्डुवाडीहून बार्शीमार्गे लातूरला जाणारी रेल्वे आज ब्रॉडगेज आहे. पण त्याआधी शंभराहून अधिक वर्षं या मुलखात अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून एक छोटी गाडी धावत होती. कागदोपत्री तिचं नाव बार्शी लाईट रेल्वे. लोकांच्या तोंडी नुसतंच बार्शी लाईट. गेली काही वर्षं फावल्या वेळात मी ही लाईन संगणकावर पुन्हा बांधतो आहे. त्या बांधकामाविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

ट्रेन सिम्युलेटर नावाचा एक खेळ असतो. २००१ साली मायक्रोसॉफ्टने असा एक खेळ बाजारात आणला, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातला ‘ट्रेन्झ’ही आला. पडद्यावर इंजिनाची केबिन दिसते आणि आपण ड्रायव्हर होतो. मुलांना एवढं पुरतं. मोठ्यांना खरी गोडी लागते ती स्वतःची लाईन बांधण्याची. आधी जमीन उभी करायची, मग रूळ टाकायचे, स्टेशनं, झाडं, सिग्नल बसवायचे आणि शेवटी गाडी सोडायची. जगभरचे हौशी लोक बंद पडलेल्या लाईनी अशा जिवंत करतात. मी बार्शी लाईट निवडली, कारण अशी विचारपूर्वक बांधलेली छोटी लाईन आपल्याकडे दुसरी क्वचितच असेल.

तिचे कर्ते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हे इंग्रज इंजिनिअर. बार्शी ही तेव्हाची नामांकित बाजारपेठ, पण मुख्य रेल्वे तिला बगल देऊन गेलेली. माल बैलगाड्यांनी वीसएक मैलांवरच्या बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, न्यावा लागे. कॅल्थ्रॉप यांनी १८९५ मध्ये लंडनला कंपनी काढली आणि १८९७ मध्ये बार्शीपर्यंत गाडी आणली. पुढे एक फाटा पंढरपूरला गेला, १९११ मध्ये गाडी लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये मिरजेला. एकूण २०२ मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर. १९२७ सालीच कॅल्थ्रॉप वारले. १९५४ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली आणि ही लाईन मध्य रेल्वेत आली.

कॅल्थ्रॉप यांची कल्पना साधी होती. इंजिन असो की वाघीण, चाकांच्या कुठल्याही जोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात आणि खर्च आवाक्यात राहतो. पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यातली. पुढे आठ मोठी चाकं, मागे चार लहान. चाकांच्या सहा जोड्या, म्हणजे वजन फार तर तीस टन. संगणकात इंजिन बनवताना हा आकडा भरावाच लागतो आणि तो भरला की इंजिनाचा स्वभाव कळतो. ओढायला दमदार, पण धावायला मुळीच उतावीळ नाही.

जमीन उभी करणं हे सगळ्यांत किचकट काम. २००० साली अमेरिकेच्या अंतराळयानाने रडारने पृथ्वीची उंची मोजली. ती माहिती आता कुणालाही फुकट मिळते. दर तीस मीटरला एक आकडा. ऐकायला हे फार छान वाटतं. पण शेजारच्या दोन आकड्यांत तीन मीटरचा जरी फरक पडला, तरी दहाला एक असा चढ तयार होतो आणि असला चढ साधी रेल्वे चढूच शकत नाही. म्हणून ते आकडे घासूनपुसून सपाट करावे लागतात, जुन्या सर्व्हे नकाशांशी ताडून पाहावे लागतात. पांगरीहून येडशीकडे बालाघाटाच्या डोंगरात शिरणाऱ्या वाटेवर माझे कित्येक रविवार गेले.

दुसरी अडचण म्हणजे मूळ वाटच हरवलेली. २००८ पर्यंत लातूर बाजूची लाईन ब्रॉडगेज झाली. त्यात येडशीच्या पुढे रूळ वळवून उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, जोडलं. त्या शहराच्या दृष्टीने हे चांगलंच झालं, कारण छोट्या गाडीने त्याला लांबच ठेवलं होतं. जुन्या वाटेचे रूळ मात्र उचलले गेले. उपग्रहाच्या चित्रांत चौकोनी शेतांमधून मध्येच एक लांब, निमुळतं वळण दिसतं. बैलाने किंवा नांगराने असं वळण पडत नाही. ती आपली गाडी.

हे सगळं कागदांवरून, चित्रांवरून जमतं. पुढचं जमत नाही. पाण्याची टाकी फलाटाच्या कुठल्या टोकाला होती? स्टेशनमागे कडुनिंब होता की चिंच? कंपनीच्या दफ्तरात पाच टनांचा हिशेब आहे, कडुनिंबाचा नाही. त्यासाठी मी कुर्डुवाडीच्या एका निवृत्त गार्डना गाठलं. वय नव्वदीला टेकलेलं. लॅपटॉपवर त्यांना बार्शीचं स्टेशन दाखवलं. बराच वेळ ते बघत राहिले. मग म्हणाले, “रूळ बरोबर टाकलेत हो. पण हमाल कुठं आहेत? आणि गाडी रिकामी का पळवताय?”

कुर्डुवाडीला छोट्या वाघिणीतला प्रत्येक नग डोक्यापाठीवरून मोठ्या वाघिणीत जायचा, कारण रुळांची रुंदीच वेगळी. त्या मालधक्क्यावर किती घरं जगली, हे त्यांनी मला नावानिशी सांगितलं. आषाढीला वारकऱ्यांनी टपापर्यंत भरलेली गाडी गार्डाच्या डब्यातून कशी दिसायची, तेही सांगितलं. तीनदा बसून मी सगळं लिहून घेतलं. चौथ्यांदा गेलो तेव्हा त्यांना माणसं ओळखू येत नव्हती.

तेव्हापासून माझ्या कामाचा क्रमच बदलला. रूळ, पूल, इंजिन यांची घाई नाही. नकाशे उद्याही मिळतील, उपग्रहाची चित्रं परवा याहून चांगली मिळतील. सांधेवाला, गँगमन, फायरमन, मालधक्क्यावरचा हमाल, रोज त्या गाडीने शाळेला जाणारी मुलगी, यांची आठवण मात्र उद्यावर टाकता येत नाही. म्हणून आता आधी वही, मग संगणक. वहीतलं सगळंच पडद्यावर येत नाही. घामाचा, कोळशाच्या धुराचा, ओल्या घोंगडीचा वास कुठलाही सिम्युलेटर देणार नाही. पण निदान मालधक्क्यावर आता माणसं उभी आहेत आणि वाघिणी भरलेल्या आहेत.

तुमच्या घरात, गल्लीत कुणी अशा छोट्या गाडीवर नोकरी केली असेल, नुसता प्रवास केला असेल, तर त्यांच्याजवळ जरा बसा. मोठे प्रश्न विचारू नका. गाडी किती वाजता यायची, पाणी कुठं भरायची, फलाटावर काय विकायला असायचं, एवढंच विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा. लाईन पुन्हा बांधणारा कुणीतरी पुढे भेटेल. त्याला तुमची वही लागेल.